व्यवहार आणि विवेक : जुनी इलेक्ट्रिक गाडी विकताना करसवलत कोणाच्या पदरी?



ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील संकुलांतून आणि कल्याण-डोंबिवलीच्या बाजारपेठांतून हिरव्या पाटीच्या गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. त्यांतील पहिल्या पिढीच्या गाड्या विक्रीस निघू लागल्या असून त्याबरोबर एक प्रश्न वारंवार कानी येतो : ‘गाडी ओळखीतच विकतो आहे. तिच्यावरील सरकारी करसवलत घेणाऱ्याला मिळेल का? आणि मी घेतलेली मला परत तर करावी लागणार नाही ना?’

या प्रश्नाचे मूळ बहुधा परदेशस्थ नातलगांच्या संदेशांत आहे. अमेरिकेत जुनी इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला किमतीच्या ३० टक्के, कमाल ४,००० डॉलर इतकी करवजावट मिळत असे. परंतु गाडी परवानाधारक विक्रेत्याकडून घेतलेली हवी आणि तिची किंमत २५,००० डॉलरच्या आत हवी. शेजाऱ्याने शेजाऱ्याला थेट विकलेली गाडी त्यात बसतच नव्हती. ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांसाठी ती योजनाही संपली. न्यू जर्सीतील भाच्याने सांगितलेला हिशेब डोंबिवलीत लागू होत नाही, तो यामुळे.

आपल्याकडे जुन्या इलेक्ट्रिक गाडीच्या खरेदीवर अशी वजावट नाही. जी होती ती कर्जाच्या व्याजावर. आयकर कायदा १९६१च्या कलम ८०ईईबीनुसार १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जाच्या व्याजापोटी वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. ती केवळ व्यक्तीला मिळते. भागीदारी पेढीला नाही आणि हिंदू अविभक्त कुटुंबालाही नाही. शिवाय जुनी करप्रणाली स्वीकारणाऱ्यालाच. आपल्या समाजात गाडी बहुधा पेढीच्या नावावर घेतली जाते, म्हणून या कलमाचा लाभ अनेकांना मुळातच झाला नाही.

ज्याने तो घेतला त्याने निश्चिंत असावे. गाडी विकली म्हणून मागील वर्षांची वजावट परत घेण्याची तरतूद या कलमात नाही. मात्र ती सवलत गाडीबरोबर पुढेही जात नाही. घेणाऱ्याने आज जुन्या गाडीसाठी कर्ज काढले तर ते मुदतीनंतरचे ठरते. तेव्हा ‘सवलतीची गाडी आहे’ असे सांगून भाव वाढवून मागणे गैर आहे, आणि त्या आशेने जास्त मोजणे भाबडेपणाचे.

शब्दशः ‘जमा’ म्हणता येईल अशी एकच गोष्ट असते. दहा लाखांहून अधिक किमतीची नवी गाडी घेताना विक्रेत्याने गोळा केलेला एक टक्का टीसीएस. तो ज्याच्या पॅनवर नोंदला गेला त्याच्याच विवरणपत्रात वळता करता येतो. नव्या मालकाशी त्याचा संबंध नाही. कित्येक जण ही रक्कम मागायची विसरतात. गाडी विकण्यापूर्वी त्या वर्षाचा फॉर्म २६एएस एकदा उघडून पाहावा.

खरी गुंतागुंत जीएसटीची आहे, आणि व्यापारी कुटुंबांनी येथे थांबून वाचावे. २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेर येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५व्या बैठकीत जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांवरील दर १२ वरून १८ टक्के करण्याची शिफारस झाली व जानेवारी २०२५मध्ये अधिसूचना निघाली. त्यावरून मोठा गदारोळ उठला. नवी गाडी पाच टक्क्यांत आणि जुनी अठरा टक्क्यांत, हे कसे, असे लोक विचारू लागले. उत्तर असे की नव्या गाडीवरचा कर पूर्ण किमतीवर असतो, जुनीवरचा फक्त फरकावर, म्हणजे मार्जिनवर. आणि तोही नोंदणीकृत व्यापाऱ्याने व्यवसायाची गाडी विकली तरच. एका खासगी व्यक्तीने स्वतःच्या वापराची गाडी दुसऱ्या व्यक्तीला विकली तर जीएसटी शून्य. खासगी वापराची गाडी ही भांडवली मालमत्ताही मानली जात नाही, त्यामुळे आयकरात नफाही नाही आणि तोटाही दाखवता येत नाही.

पेढीच्या वहीत असलेल्या गाडीचे गणित वेगळे. समजा, एका कापड व्यापाऱ्याने दुकानाच्या नावे १६ लाखांची इलेक्ट्रिक गाडी घेतली. इलेक्ट्रिक गाडीवर ४० टक्के घसारा मिळतो. तो पहिल्या वर्षी पूर्ण लागला तर पुस्तकी किंमत ९,६०,००० उरते आणि दुसऱ्या वर्षाअखेर ५,७६,०००. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी गाडी आठ लाखांना गेली. व्यापारी म्हणेल, अर्धे पैसे बुडाले. कायदा म्हणतो, २,२४,००० चे मार्जिन झाले. त्यावर १८ टक्क्यांनी ४०,३२० रुपये जीएसटी. हीच गाडी पेट्रोलची असती तर १५ टक्के घसाऱ्याने पुस्तकी किंमत ११,५६,००० राहिली असती, मार्जिन उणे आले असते आणि कर शून्य. ज्या उदार घसाऱ्याने दोन वर्षे आयकर वाचवला, तोच विक्रीच्या दिवशी आपला हिस्सा मागतो. आयकरातही त्या गटात दुसरी मालमत्ता नसेल तर हे २,२४,००० अल्पमुदतीचा भांडवली नफा ठरतात. ४० टक्क्यांच्या त्याच गटात दुकानाचे संगणक असतील तर हिशेब बदलतो. म्हणून सौदा ठरण्याआधी सनदी लेखापालांना वही दाखवावी, नंतर नव्हे.

येथे एक मोह उभा राहतो. कागदावर पावणेसहा लाख लिहावे आणि उरलेले रोख घ्यावे. दोन लाख किंवा अधिक रक्कम एका व्यवहारात रोखीने स्वीकारणे कलम २६९एसटीने निषिद्ध आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा असतो. तो घेणाऱ्याला, म्हणजे येथे विक्रेत्याला. रक्कम चार दिवसांत विभागून घेतली तरी व्यवहार एकच राहतो. दंडाची भीती बाजूला ठेवली, तरी आपल्या श्रावकाचारात खोटा दस्त लिहिण्यास कूटलेखक्रिया हे नाव आहे. तो सत्याणुव्रताचा अतिचार. राज्याचा नियम ओलांडून व्यवहार करणे हा अचौर्याणुव्रताचा अतिचार, विरुद्धराज्यातिक्रम. प्रतिक्रमणात ज्यांची आलोचना करायची, ते दोष पावतीवर सही करून पत्करायचे काय?

ओळखीतल्या सौद्यात आणखी एक ढिलाई फार दिसते. पैसे मिळाले, किल्ली दिली, नाव बदलण्याचे मागाहून. सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी स्पष्ट केले की अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावे, तोच भरपाईसाठी मालक. त्या प्रकरणात गाडी २००७मध्ये विकली गेली होती, पुढे अनेक हातांतून गेली आणि अपघात २००९चा; तरी दायित्व पहिल्या मालकावर आले. फॉर्म २९ व ३० त्याच दिवशी भरावेत. राज्यांतर्गत विक्रीची सूचना विक्रेत्याने १४ दिवसांत द्यायची असते. कर्ज असल्यास फॉर्म ३५ने बोजा उतरवावा. विमा कंपनीलाही कळवावे. नो-क्लेम बोनस मात्र विक्रेत्याचाच राहतो.

गाडी राजस्थानात किंवा गुजरातेत गावाकडच्या आप्ताला द्यायची असेल, तर फॉर्म २८चे ना-हरकत पत्र लागते आणि तेथे त्या राज्याचे करनियम लागू होतात. पेट्रोल गाडी परराज्यात नेल्यावर महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा काही भाग परत मागता येतो. इलेक्ट्रिक गाडीवर तो माफ होता, म्हणून परत मिळण्यासारखे काही नसते. भाव ठरवताना दोघांनी हे ध्यानात घ्यावे.

बॅटरीच्या हमीची पुस्तिका मात्र दोघांनी एकत्र बसून वाचावी. काही कंपन्यांची सर्वांत लांब हमी पहिल्या मालकापुरतीच असते आणि नाव बदलताच ती आखूड होते. घेणाऱ्याच्या दृष्टीने करापेक्षा हीच रक्कम मोठी ठरू शकते.

(कलमांचे क्रमांक १९६१च्या कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६पासून लागू असलेल्या आयकर कायदा २०२५मध्ये ते बदलले आहेत.)