व्हिसा ही विकत घेण्याची वस्तू नव्हे

आखातातील नोकरीच्या व्हिसापायी नागावची नारळी-पोफळीची वाडी गहाण पडावी, हे आम्हांस मुळीच मान्य नाही. असा व्हिसा मालकाने काढायचा असतो. संयुक्त अरब अमिरातींच्या २०२१ च्या कामगार कायद्याने तर भरतीचा खर्च कामगाराकडून घेण्यास मालकाला मनाईच केली आहे. आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेल्या एजंटालाही सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील कर, एवढेच घेता येते. ‘सगळेच लाखांनी मोजतात’, हे समर्थन नव्हे. कर्ज काढून गेलेला मुलगा पगार थकला तरी परतू शकत नाही. गुलामी येथूनच सुरू होते. आईबापांनो, परवाना तपासा, करार वाचा, पावती मागा. सातबारा मात्र पेटीतच राहू द्या.