बाटलीवरचं नाव आणि पेशीची ओळख

साप्ताहिक स्तंभ : रक्ताची गोष्ट
शिंदे की छावनी, ग्वाल्हेर

गेल्या रविवारी रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. ‘मावशी, माझ्या उंदरांत एनके पेशीच नाहीत गं.’ आवाज रडवेला होता. ती दुसऱ्या शहरात पीएच.डी. करते. उंदराची प्लीहा चाळणीवर घासून पेशी सुट्या करायच्या, त्यांत रंग जोडलेली अँटिबॉडी घालायची, उजेड लागू नये म्हणून नळी फॉइलमध्ये गुंडाळून बर्फावर ठेवायची आणि मग एकेक पेशी फ्लो सायटोमीटरमधून सोडायची. चमकतील त्या एनके, म्हणजे नॅचरल किलर पेशी. सलग तिसऱ्यांदा एकही चमकली नव्हती. अँटिबॉडी नवी, बर्फ शाबूत असताना आलेली. तरी पडद्यावरचा एनके पेशींचा कोपरा रिकामाच.

‘उंदीर कुठल्या वाणाचे?’ मी विचारलं.

‘पांढरे. बाल्ब-सी.’

‘आणि क्लोन कुठला?’

‘पीके१३६.’

उत्तर तिथेच होतं. क्लोन म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या एकाच पेशीचा वंश; पीके१३६ या क्लोनची अँटिबॉडी एनके१.१ नावाची खूण ओळखते. काळ्या सी५७ ब्लॅक ६ उंदरांच्या एनके पेशींवर ती खूण असते. बाल्ब-सीमध्ये त्या जनुकाचं रूप जरा वेगळं आहे, म्हणून अँटिबॉडी तिथे चिकटतच नाही. पेशी जागेवर असतात, काम करत असतात, फक्त दिसत नाहीत. त्या उंदरांसाठी डीएक्स५ किंवा एनकेपी४६ ओळखणारी अँटिबॉडी घ्यावी लागते. लेबल खोटं नव्हतं. पोरीने ते पुरतं वाचलं नव्हतं आणि तिला ते वाचायला कुणी शिकवलंही नव्हतं. मला राग आला तो या दुसऱ्या गोष्टीचा.

या पेशीचं महत्त्व आमच्या भागातल्या माणसाला लवकर कळेल. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे तळ दिला, त्याचंच पुढे लष्कर हे शहर झालं, आणि छावनी हे नाव आजही आमच्या पत्त्यात आहे. तळावरचा पहारेकरी शत्रूची खूण शोधतो, तसाच आपला परवानाही तपासतो. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर एमएचसी वर्ग १ नावाचा परवाना असतो. विषाणू शिरला किंवा पेशी कॅन्सरकडे वळली की पुष्कळदा हा परवाना उतरवला जातो आणि परवान्यावरूनच शत्रू ओळखणाऱ्या टी पेशी फसतात. एनके पेशी नेमकी तिथेच झडप घालते. स्वीडनचे क्लास क्यारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हे दाखवून दिलं. तीनच वर्षांनी, १९८९ मध्ये, एनके पेशी नसलेल्या एका मुलीची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. नागीण-कांजिण्यांच्या कुळातले विषाणू तिला पुन्हा पुन्हा गाठत होते. मोठ्यांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींत एनके साधारण ५ ते १५ टक्के असतात, पण त्या नसल्या तर काय होतं ते त्या मुलीने सोसलं.

मला नेहमी नवल वाटतं की ही पेशी आणि तिला ओळखण्याचं तंत्र एकाच वर्षातलं आहे. १९७५ मध्ये स्टॉकहोममध्ये किसलिंग, क्लाइन आणि विग्झेल यांनी या पेशींना नाव दिलं, आणि त्याच वर्षी केंब्रिजमध्ये कोलर व मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची अँटिबॉडी हवी तितकी बनवण्याची रीत शोधली. १९८४ मध्ये या दोघांना नोबेल मिळालं.

माणसाच्या रक्तात गोष्ट आणखी नाजूक आहे. तिथे सीडी५६ ही खूण धरतात. पण काही टी पेशींवरही सीडी५६ असते, म्हणून सीडी३ नाही आणि सीडी५६ आहे, अशी दोन्ही बाजूंनी खात्री करावी लागते. दुसरी अडचण खुद्द पेशीच्या स्वभावात आहे. तिच्या अंगावरचा सीडी१६ हा रेणू अँटिबॉडीला शेपटीकडून पकडतो. शिकार धरण्याची तिची ती एक रीतच आहे. त्यामुळे प्रयोगातली अँटिबॉडी खूण न ओळखताही नुसती शेपटीने अडकून राहू शकते आणि पडद्यावर खोटी चमक दिसते. म्हणून आधी ती पकड बंद करायची आणि शेजारी कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठीची, नळी ठेवायची. हे काम कंटाळवाणं आहे, वेळखाऊ आहे, आणि ते टाळून काढलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही.

हा दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. २०१५ मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये एकत्र लिहिलं होतं की निकृष्ट अँटिबॉडींपायी जगभरात वर्षाला सुमारे ८० कोटी डॉलर वाया जातात. श्रीमंत देशांना तो भार पेलवतो. आपल्याकडे अँटिबॉडीच्या एका नळीची मागणी मंजूर व्हायला महिने लागतात, मग ती नळी पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात प्रवास करून पोहोचते. अशी नळी चुकीच्या उंदरावर खर्च होणं मला पाहवत नाही.

आणि ग्वाल्हेरला हे काम परकं नाही. इथल्या डीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने डेंग्यूच्या तपासणीचा संच बनवला, तोही अँटिबॉडीच्याच भरवशावर. ज्या गावात असे संच बनतात, तिथल्या पोरांना क्लोन म्हणजे काय हे पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षीच कळायला हवं.

म्हणून जिवाजी विद्यापीठातल्या आणि गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयातल्या मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. प्रबंधात ‘एनके अँटिबॉडी वापरली’ एवढंच लिहिलेलं पान परत पाठवा. क्लोनचं नाव, कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक, प्राण्याचा वाण आणि कंट्रोलचा आलेख, या पाच गोष्टी असल्याशिवाय सही करू नका. भाचीने डीएक्स५ मागवली आहे. तोवर दोन काळे उंदीर मिळवून तिने जुनी बाटली त्यांच्यावर तपासली, आणि तो कोपरा भरला.