पेटी एक, गाड्या अनेक : बसवण्याचा खर्च कोणी सोसावा?

कापडाचा किरकोळ व्यापार आज दुचाकीवर चालतो असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. घाऊक पेढीवरून माल टेम्पोने येतो, पण गल्लीतल्या दुकानापर्यंत, शिलाईवाल्यापर्यंत, गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत तो जातो तो मोटारसायकलनेच. पूर्वी सीटवर गठडी ठेवून दोरीने आवळली की काम भागे. पावसात माल भिजे, सिग्नलवर उभे असताना मागून ताका ओढला जाई, आणि दोरीचे टोक चाकात गेले तर माणूसही जाई. त्यामुळे गाडीच्या मागे कुलुपाची पेटी बसवण्याची जी पद्धत पडत आहे तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु ही पेटी ज्या रीतीने बसवली जाते त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

बाजारात पेटी मागायला गेले की पहिले वाक्य कानी पडते : 'सगळ्या गाड्यांना चालते.' हे अर्धसत्य आहे. पेटी सगळ्या गाड्यांना चालते, तिच्याखालची बैठक मात्र प्रत्येक गाडीची वेगळी असते. इटलीची गिवी ही १९७८ साली सुरू झालेली कंपनी या पेट्यांसाठी जगभर ओळखली जाते. तिची पद्धत पाहण्यासारखी आहे. गाडीला त्या त्या मॉडेलचे स्वतंत्र स्टँड, त्यावर प्लेट आणि प्लेटवर किल्लीने निघणारी पेटी. प्लेटचेही मोनोलॉक आणि मोनोकी असे दोन प्रकार असून एकाची पेटी थेट दुसऱ्यावर बसत नाही. म्हणजे दुकानात तीन गाड्या असतील तर पेट्या तीन घेण्याची गरज नाही. एकच पेटी घ्यावी, एकाच प्रकारच्या तीन प्लेटी घ्याव्यात आणि प्रत्येक गाडीला तिचे योग्य स्टँड करावे. पैसा वाचतो तो येथे वाचतो, स्टँडमध्ये वाचवण्याचा नसतो.

आता गाडीगाडीतला फरक पाहू. स्प्लेंडरसारख्या गाडीला मागे लोखंडी दांडा किंवा कॅरिअर असते, त्याला प्लेट धरते. मात्र यू-क्लॅम्प नुसते आवळून भागत नाही. खाली रबर, वर वॉशर आणि आपोआप न सुटणारे नायलॉनचे नट हवेत. पल्सरच्या काही मॉडेलवर धरायचे दांडे दोन अलग तुकड्यांचे आणि ॲल्युमिनियमचे असतात. ॲल्युमिनियम लोखंडासारखे वाकून इशारा देत नाही, तडकते. तेथे दांड्याला क्लॅम्प न लावता दांडा ज्या बोल्टांनी चॅसीला धरला आहे तेथूनच लांब बोल्ट घेऊन लोखंडी पट्टी काढावी. बुलेटच्या घरातल्या गाड्यांना चॅसी आणि मडगार्डच्या बोल्टांवरून स्टँड घ्यावे लागते. नुसत्या मडगार्डच्या पत्र्यावर भार टाकू नये. ॲक्टिव्हा सिक्स-जी २०२० साली आली तेव्हापासून तिचे पेट्रोलचे झाकण मागे बाहेरच्या बाजूला आहे. तेथे स्टँड इतके उंच व मागे हवे की झाकण उघडून पंपाची नळी आत जावी, आणि सीटही पुरती उघडावी. टीव्हीएस एक्सएलची मागची सीट निघते आणि तेथे सपाट जागा मिळते. पेटी ठेवायला ही सर्वांत सोपी गाडी. पण मग मागे माणूस बसवता येणार नाही.

हा शेवटचा मुद्दा आमच्या मनाचा नाही, कायद्याचा आहे. केंद्र सरकारने २०२० साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून दुचाकीवरील हलक्या पेटीचे माप ठरवून दिले : लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० आणि उंची ५०० यांपेक्षा जास्त नको. पेटी मागच्या माणसाच्या जागेवर असेल तर गाडीवर फक्त चालक. पेटी त्या जागेच्या मागे असेल तरच दुसरा माणूस. पत्र्याची मोठी पेटी स्वतः करवून घेणाऱ्या बांधवांनी हे माप कारागिराला आधी सांगावे. मागचा दिवा, इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकली जाणार नाही हेही पाहावे.

आता वजनाचे बोलू. पेटीवर लिटर मोठ्या अक्षरात छापतात, किलो बारीक अक्षरात. कापडवाल्याची फसगत येथेच होते. ४५ लिटरच्या पेटीत घडी केलेल्या सुती साड्या पंचवीसएक मावतात. एका साडीचे वजन ४५० ग्रॅम धरले तर सव्वाअकरा किलो माल झाला. कित्येक पेट्यांवर मालाची मर्यादा १० किलो किंवा त्याहूनही कमी छापलेली असते. सूटिंगचे तुकडे किंवा चादरी भरल्या तर बोलायलाच नको. जागा शिल्लक आहे म्हणून भरत जाणे हा हिशोब गोदामाचा झाला, गाडीचा नव्हे.

त्यात पेटी टांगलेली असते मागच्या ॲक्सलच्याही मागे. माल आणि पेटी मिळून १५ किलो, पेटीचा मध्य ॲक्सलपासून ३५ सेंटीमीटर मागे आणि दोन्ही चाकांमधले अंतर १२५ सेंटीमीटर असे धरले, तर पुढच्या चाकावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो आणि मागच्या चाकावर १५ नव्हे, १९ किलो वाढतात. तराजूचा दांडा ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून सांगायला नको. पुढचे चाक हलके झाले की हायवेवर ट्रकच्या वाऱ्याने हँडल डुलते. म्हणून जड माल पेटीच्या तळाशी व पुढच्या बाजूला ठेवावा, मागच्या टायरची हवा गाडीच्या पुस्तिकेत जादा भारासाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. पुस्तिकेतल्या भाराच्या मर्यादेत चालक, मागचा माणूस, पेटी, स्टँड आणि माल सर्वच येतात, हे विसरू नये.

वेल्डिंगविषयीही सांगितले पाहिजे. चॅसीला थेट वेल्डिंग करू नये व भोकही पाडू नये. चॅसी तेथे कमजोर होते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सिक्स गाड्यांत इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक यंत्राकडे असतो. गाडीवर वेल्डिंगचा करंट फिरला तर ते यंत्र जळू शकते. स्टँड गाडीवरून उतरवून, बाहेर वेल्ड करून मगच बसवावे.

येथे आमच्या कारागीर बांधवांसाठी धंदा आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे लूमचे सुटे भाग घडवणारे हात मिलिमीटरात काम करतात. त्यांनी चार-पाच खपाच्या गाड्यांचे साचे करून ठेवले तर गिऱ्हाइकाला तासभर ताटकळावे लागणार नाही आणि काम दरवेळी सारखेच उतरेल. आमची एकच विनंती : प्रत्येक स्टँडवर गाडीचे नाव आणि किती किलो झेपेल तो आकडा ठोकून द्यावा. आकडा ठोकायचा म्हणजे आधी तेवढे वजन लादून पाहणे आले. जो कारागीर हे करील त्याने दोन पैसे जादा मागितले तर ते रास्तच आहेत.

आणि आता आम्हा व्यापाऱ्यांविषयी. आमच्यापैकी पुष्कळांकडे माल पोचवणारा मुलगा स्वतःची गाडी घेऊन येतो. गाडी त्याची, हप्ता त्याचा, पेट्रोलचे थोडेफार आम्ही देतो. पेटीही त्यानेच बसवून घ्यावी असा रिवाज पडू लागला आहे. तो बिचारा सर्वांत स्वस्त पट्टी शोधतो, आणि भरताना किती भरायचे हे मात्र दुकानातून ठरते. माल आमचा, नफा आमचा आणि जोखीम तेवढी त्याची, हा कोणता हिशोब? आमचे स्पष्ट मत आहे की पेटी आणि तिचे स्टँड हा दुकानाचा खर्च आहे. तराजू, कपाट, गज यांसारखाच तो दुकानाच्या वहीत लिहिला गेला पाहिजे. मुलाने नोकरी सोडली तर पेटी दुकानात राहील, स्टँड त्याच्या गाडीला राहिले तरी बिघडत नाही.

पेटीत माल भरण्यापूर्वी काट्यावर ठेवण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. गिऱ्हाइकाला माप पुरे देणाऱ्या दुकानाने आपल्या माणसाच्या पाठीमागे लादलेल्या वजनाचेही माप पाहावे. मर्यादेपेक्षा माल जास्त निघाला तर दोन फेऱ्या कराव्यात. दुसऱ्या फेरीचे पेट्रोल कोणत्याही दुकानाला परवडते.