नांगरावाचून ट्रॅक्टर

भुसावळचे नाव निघाले की आमच्या बाजूच्या माणसास आगगाडीच्या एंजिनांविषयी चार गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. वाफेची एंजिने गेली. परंतु त्यांतील काहींस रेल्वेने रंग देऊन चौथऱ्यावर बसविले आहे. मुले त्यांकडे बोट दाखवितात आणि वडील मंडळीस बोलावयास विषय मिळतो. शेतातल्या एंजिनाच्या कपाळी मात्र हा मान नाही. आमचे दीपनगर ही वीजकेंद्राची वसाहत; कोळसा, राख आणि उंच धुरांडी हेच येथील मुख्य दृश्य. पण वसाहतीची हद्द ओलांडली की काळी जमीन व कपाशी, आणि तापीपलीकडे यावल-रावेरच्या केळीच्या बागा. येथे नवा ट्रॅक्टर घरी येतो तो हार घालून, नारळ फोडून. जुना गोठ्यामागे उभा राहतो, त्याच्या चाकांचे रबर तडकते, बैठकीवर कोंबड्या बसू लागतात, आणि एके दिवशी भंगारवाला त्यास वजनावर घेऊन जातो. नांगर त्याच्याही आधी गेलेला असतो. कारण तो निव्वळ लोखंड.

जुन्या ट्रॅक्टरांच्या लहान प्रतिकृती जमविण्याचा छंद अलीकडे आपल्या घरांतील तरुणांतही दिसू लागला आहे. छंद निरुपद्रवी आहे, आणि आमच्या मते उपयुक्तही आहे. परंतु काचेच्या कपाटात ओळीने मांडलेले हे तांबडे, निळे, करडे ट्रॅक्टर पाहिले की एक उणीव डोळ्यांत भरते. त्यांच्या मागे काहीच नसते! नांगर नाही, वखर नाही, पाभर नाही. गाडीवाचून बैल मांडावा तसा हा प्रकार होय.

‘ट्रॅक्टर’ या शब्दाचा लॅटिन धातू ‘ओढणे’ या अर्थाचा आहे. ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा. आपल्या ‘कृष्’ धातूची मौज अशी की, त्यात ओढणे आणि नांगरणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. आकर्षण आणि कृषी ही एकाच घरची भावंडे. जमीन उलटते ती फाळाने, एंजिनाने नव्हे. मग ओढणारा आणि ज्यास ओढावयाचे ते, यांचा सांधा कसा असावा? ट्रॅक्टरचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरला आहे, असे म्हटले तरी चालेल.

हेन्री फोर्डचा ‘फोर्डसन’ १९१७ पासून मोठ्या संख्येने निघू लागला. त्याच्यामागे नांगर जोडावयाचा तो बैलगाडीस दुसरी गाडी बांधावी तसा. नांगर एखाद्या दगडात किंवा मुळीत अडकला की चाके फिरतच राहत, ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई आणि यंत्र मागे उलथून चालकावर पडे. कित्येक माणसे अशी प्राणास मुकली. हॅरी फर्ग्युसन या आयरिश कारागिराने यावर जी तोड काढली तिचे वर्णन वाचकांनी थोडे सावकाश वाचावे. त्याने नांगर एका दोरखंडाने किंवा साखळीने न जोडता तीन दांड्यांनी जोडला. दोन खाली, एक मध्ये वर. खालच्या दोन दांड्या नांगरास ओढतात. मातीच्या विरोधामुळे नांगर पुढे कलू पाहतो आणि वरची दांडी ट्रॅक्टरकडे रेटली जाते. त्या रेट्याने पुढची चाके वर उचलली न जाता जमिनीवर दाबून राहतात. शिवाय तोच रेटा तेलाच्या दाबाने चालणाऱ्या उचलणीस निरोप देतो की, माती जड लागत आहे, नांगर अंमळ वर घे. नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन त्यांची पकड वाढते, म्हणून यंत्र अवजड करण्याची गरज उरत नाही. बैलवान इतकी वर्षे रुमण्यावरचा हात कमीअधिक दाबून जे करीत होता, तेच काम येथे एक दांडी करू लागली.

फर्ग्युसनने १९३८ साली फोर्डशी केवळ हस्तांदोलनाने करार केला. लेखी काही नाही. पुढे तो मोडला, १९४८ साली फिर्याद झाली, आणि १९५२ साली साडेब्याण्णव लाख डॉलर घेऊन ती मिटली. शब्दावर विसंबणारास अखेर वकील गाठावा लागला तो असा. दरम्यान १९४६ पासून १९५६ पर्यंत इंग्लंडात कॉव्हेन्ट्री येथे त्याचा करड्या रंगाचा लहानसा ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. त्या तीन दांड्या आज आमच्या शिवारातील प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीस आहेत, मग त्यावर नाव कोणाचेही असो.

आपल्या देशात हे यंत्र आले ते प्रथम शेतकऱ्याच्या हौसेने नव्हे, तर गवताच्या भीतीने. मध्य भारताच्या काळ्या जमिनीत कांस माजून लक्षावधी एकर पड पडली होती. हाच तो काश, ज्याच्या पांढऱ्या तुऱ्यांवाचून कालिदासाचा शरद पुरा होत नाही! कवीस जे भूषण ते कुणब्यास संकट. त्याची मुळे इतकी खोल जातात की बैलाच्या नांगरास ती दाद देत नाहीत. स्वातंत्र्याच्या सुमारास केंद्र सरकारने त्यासाठी ट्रॅक्टरांचे स्वतंत्र खाते उभारले, आणि १९४९ साली जागतिक बँकेने एक कोटी डॉलरचे कर्ज दिले ते मुख्यतः ही जमीन मोकळी करणाऱ्या अवजड यंत्रांसाठी. देशात बांधलेला पहिला ट्रॅक्टर आयशर कंपनीने १९५९ साली फरीदाबादेस काढला. महिंद्र कंपनीने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीशी भागी केली, आणि मुंबईस कांदिवलीत तयार झालेले तिचे तांबडे ट्रॅक्टर महाराष्ट्रात सर्वत्र पसरले. सरकारी एच.एम.टी. कारखान्याचे ट्रॅक्टर १९७१ पासून निघत होते. २०१६ साली तो धंदा बंद करण्याचा निर्णय झाला. म्हणजे त्या नावाचे जेवढे ट्रॅक्टर आज गावांत आहेत, त्यांत नवी भर पडावयाची नाही.

अवजारांचा इतिहास तर आपल्या मराठी घरांस अधिक जवळचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमिनीस विष चढते अशी लोकांची समजूत होती, आणि नांगर खपावयास दोन वर्षे लागली. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली तेथून एक छोटेसे पत्र निघू लागले, जे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घरोघरी गेले. आपल्या वाचनाच्या आवडीचा एक धागा असा नांगराच्या कारखान्यात जाऊन पोचतो.

परदेशी खेळणी करणारांस अवजाराचे हे महत्त्व चांगले कळले होते. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९४८ साली आपल्या ‘डिंकी’ खेळण्यांत मॅसी-हॅरिस ट्रॅक्टर आणला, आणि त्याच्या जोडीस खत पसरणारी गाडी व माल वाहणारी गाडीही दिली. तव्यांचा कुळव आणि गवत ओढणारे दाताळे हे मागाहून आले. अमेरिकेत आयोवा प्रांतात फ्रेड अर्टल नावाच्या ओतकाम करणाऱ्या गृहस्थाने १९४५ साली घरच्या भट्टीत ॲल्युमिनियम ओतून खेळण्यातले ट्रॅक्टर करण्यास आरंभ केला. त्याचे नाव या छंदात आजही अग्रभागी आहे. त्या प्रांतात डायर्सव्हिल गावी शेतीच्या खेळण्यांचे एक स्वतंत्र संग्रहालयच आहे.

या प्रतिकृतींचे एक प्रचलित प्रमाण एकास सोळा असे आहे. मुलांस ते समजावून देण्यास आम्ही जुन्या नाण्याचा आधार घेतो: रुपयास एक आणा. सुतारास तर याहून सोपे. फुटास सहा सूत. साडेनऊ फुटांचा फर्ग्युसन या हिशेबाने सात इंचांहून थोडा अधिक भरतो, आणि लिहिण्याच्या मेजावर सहज मावतो.

आता आपल्याकडे पाहू. प्रतिकृतीची हौस आपणांस नवी नाही. पोळ्यास मातीचे बैल करून पुजणारी मुले हेच काम करीत असतात. पण त्या बैलांच्या मानेवरही बहुधा जू नसते! इसाड, रुमणे, फाळ, जू यांतले शब्द आपल्या मुलांस शब्दकोशात शोधावे लागतात. ‘फाळ’ म्हणजे संस्कृत ‘फाल’, ‘जू’ म्हणजे ‘युग’. ‘इसाड’ शब्दात आम्हांस ‘ईषा’ ऐकू येते. आपल्या वर्गातील पुष्कळ घरांचा शेताशी संबंध १९४८ च्या कुळकायद्यानंतर सुटला. त्याचे बरेवाईट बोलण्याचे हे स्थळ नव्हे. तथापि माळ्यावर एखादे चाडे, एखादी पाभरीची नळी अजून पडून असेल. ती कशाची, हे सांगणारे आजोबा-आजी आहेत तोवर विचारून घ्यावे.

सर्वांत आधी प्रतिकृती व्हावयास हवी ती तिफणीची. तीन फण, त्यांतून वर येणाऱ्या तीन नळ्या, आणि वर एक चाडे. चाड्यावर मूठ धरणारी स्त्री. तिच्या बोटांतून दाणे जितक्या सारख्या गतीने सुटतील तितके पीक सारखे उगवे. म्हणून मूठ धरण्यास वाटेल ती बाई बसवीत नसत. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात आज पेटीच्या तळाशी फिरणाऱ्या खाचेच्या चकत्या तेच काम करतात, आणि त्या चकत्यांस जमिनीवर चालणाऱ्या चाकापासून गती मिळते. दोन्ही प्रतिकृती शेजारी ठेवल्या तर शाळेतील मुलास यंत्र म्हणजे काय हे अर्ध्या तासात कळेल. आमच्या व्याख्यानाने ते आठवड्यात कळत नसे.

नजीकच्या एका गावी आम्ही एक तिफण मोजावयास गेलो होतो. मालक हसले. “गुरुजी, भंगारवाला वजन करतो, तुम्ही लांबी करता, घेत तर दोघंही नाही!” असे म्हणून त्यांनी चहा मागविला. त्यांच्या मुलाने मात्र फीत धरली. दोन फणांत अठरा इंच निघाले, म्हणजे प्रतिकृतीत एक इंच एक सूत. बाभळीचे लाकूड, दोन ठिकाणी पत्र्याची जोड. ती जोडही आम्ही कागदावर काढून घेतली, कारण दुरुस्ती काढून टाकलेली प्रतिकृती म्हणजे दुकानातली तिफण, त्या घरची नव्हे. ज्यांस हे करावयाचे असेल त्यांनी फीत, दोरा, पेन्सील आणि चौकटीचा कागद बरोबर न्यावा. मोजणी नांगरट संपल्यावर व पेरणीच्या आधी, म्हणजे वैशाखात करावी. तेव्हा अवजारे बाहेर काढलेली असतात आणि सुतारही गावात सापडतो.