यंत्र आणि गृहस्थ : मूठभर पोलाद

शिवणयंत्र किंवा भिंतीवरचें घड्याळ यांविषयीं लिहितांना लेखकावर फारशी जोखीम नसते. या महिन्याचा विषय तसा नाहीं. अमेरिकेंत संसार थाटलेल्या पुतण्यानें तेथें जुन्या लष्करी साठ्यांतून विक्रीस निघालेलें एक छोटेंसें पोलादी पिस्तूल विकत घेतलें, हें कळतांच येथील काकूंनीं आम्हांस पत्र घातलें. "वस्तु तळहाताएवढी आहे, जुनी आहे, स्वस्तांत मिळाली आहे, मग काळजी कसली, असें तो म्हणतो. घरांत सहा वर्षांचा नातू आहे. आम्हीं काय समजावें?" असा पत्राचा मथितार्थ. लहान, जुनें आणि स्वस्त हे तीनही शब्द खरे आहेत. परंतु त्यांवरून पुतण्यानें काढलेलें अनुमान मात्र उलटें आहे. कसें तें पाहूं.

पत्रांत वर्णिलेलें पिस्तूल पोलंडचें 'पी-६४' होय. पोलिश लष्करानें तें १९६५ सालीं स्वीकारलें, व रादोम येथील शस्त्रशाळेंत तें तयार होत असे. त्यापूर्वीं तेथें सोव्हिएत 'तोकारेव' पिस्तूल प्रचारांत होतें. पण तें आकारानें मोठें. अधिकारी व पोलीस यांच्या कमरेस सहज राहील असें शस्त्र हवें, म्हणून जर्मन 'वाल्थर' पिस्तुलाच्या वळणावर हें घडविलें गेलें. काडतूस मात्र सोव्हिएत 'माकारोव' जातीचेंच ठेवलें. पुढें १९९१ सालीं वॉर्सा करार संपुष्टांत आला आणि १९९९ सालीं पोलंड 'नाटो' संघटनेंत सामील झाला. त्या संघटनेच्या काडतुसाचें माप निराळें. त्यामुळें जुनीं पिस्तुलें हळूहळू अनावश्यक ठरलीं, आणि त्यांतील पुष्कळशीं अमेरिकेंतील हौशी संग्राहकांच्या हातीं गेलीं. त्या देशांत १९६८ च्या कायद्यान्वयें संग्राहकास निराळा परवाना मिळतो व ५० वर्षांहून जुनें शस्त्र जुन्या संग्राह्य वस्तूंत मोडतें. परवाना नसलेल्या गिऱ्हाइकानें दुकानांतून शस्त्र घेतल्यास त्याचें पूर्ववृत्त तपासण्याची देशव्यापी व्यवस्था १९९८ पासून चालू आहे. स्वस्ताईचा उगम हा असा आहे: राष्ट्रांचे करार बदलले आणि माल जादा झाला. वस्तूची शक्ति त्यामुळें कमी झालेली नाहीं.

आतां लहानपणाविषयीं. पी-६४ ची एकूण लांबी १६ सेंटिमीटर, नळी सुमारें साडेआठ सेंटिमीटर, आणि रिकामें असतां वजन सुमारें ६२० ग्रॅम. म्हणजे पाण्यानें भरलेल्या पितळी तांब्याहूनहि कमी. आंत सहा काडतुसें बसतात. मोठ्या लष्करी पिस्तुलांत नळी व तिच्यावरचा सरकता भाग, ज्यास स्लाइड म्हणतात, हीं दोन्ही बार उडण्याच्या क्षणीं एकमेकांत अडकलेलीं असतात. येथें तशी योजना नाहीं. नळी सांगाड्यास पक्की बसविलेली असून स्लाइडला थोपविणारें काय तें तिचें स्वतःचें वजन आणि नळीभोंवतीं गुंडाळलेली स्प्रिंग. दारूचा वायु गोळीस पुढें व स्लाइडला मागें ढकलतो. स्लाइड जड असल्यामुळें सावकाश हलते, आणि ती पुरती उघडण्यापूर्वीं गोळी नळीबाहेर गेलेली असते. रचना साधी, भाग थोडे, साफसफाई सोपी. परंतु हलकें अंग, आंखूड मूठ आणि जोरकस काडतूस यांचा मेळ पडल्यानें धक्का तीक्ष्ण बसतो. मूठ चुकीची धरली तर मागें येणारी स्लाइड आंगठा व तर्जनी यांमधील बेचक्यास बोचकारते. नवशिका त्या धास्तीनें चाप ओढतांनाच मनगट झुकवितो, आणि गोळी निशाणाच्या खालीं जाते.

नेमाचें गणितहि असेंच. पुढची माशी आणि मागची खांच यांमधील अंतर १२ सेंटिमीटर धरलें, आणि नेम घेतांना माशी एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरांवर चूक आठ सेंटिमीटरांहून अधिक होते. लांब बंदुकीवर हीच चूक कितीतरी लहान पडली असती. त्यांत या पिस्तुलाचा पहिला चाप प्रसिद्धच कठीण: घोडा खालीं असतां तो ओढण्यास सुमारें १० किलोंचा जोर लागतो. भरलेली बादली एका बोटानें उचलावी आणि त्याच वेळीं हात तसूभर हलूं देऊं नये, असा हा प्रकार. पहिला बार झाला कीं घोडा आपोआप मागें चढून राहतो, व पुढचा चाप पुष्कळच हलका लागतो. पहिला बार एका हातानें आणि दुसरा निराळ्याच हातानें मारल्यासारखें वाटतें. कित्येक मालक घोड्याची स्प्रिंग बदलून हलकी बसवितात. पण ती फाजील हलकी झाली तर घोड्याचा ठोका दुबळा पडून काडतूस पेटत नाहीं. हें काम जाणत्या कारागिराचें आहे.

जुनेपणानेंहि काळजी वाढतेच. चाळीस-पन्नास वर्षांत हें शस्त्र किती हातांतून गेलें, त्यांतील कोणी कोणता भाग घासला, हें नव्या धन्यास ठाऊक नसतें. म्हणून पहिला बार उडविण्यापूर्वीं स्प्रिंगा, नळीचा अंतर्भाग आणि सुरक्षेची कळ हीं तज्ज्ञाकडून तपासून घ्यावीं. काडतुसांची गफलत तर सहज होणारी. नऊ मिलिमीटर या एकाच नांवाखालीं १७, १८ व १९ मिलिमीटर लांबीच्या पुंगळ्यांचीं निरनिराळीं काडतुसें विकलीं जातात. माकारोव काडतुसाची गोळी तर प्रत्यक्षांत सव्वानऊ मिलिमीटरांची असते. पेटीवरील अक्षरें वाचल्यावांचून एकहि काडतूस भरूं नये. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपींत क्लोरेट असूं शकतें. त्याचा क्षार नळींत राहून हवेंतील ओल शोषतो व पोलादास गंज चढवितो. तेलांत हा क्षार विरघळत नाहीं. अशा वेळीं आधीं पाण्यानें नळी धुवावी, कोरडी करावी, आणि मग तेलाचा हात द्यावा.

चांदमारीच्या मैदानावर कानांस व डोळ्यांस आच्छादन हवें. प्रत्येक शस्त्र भरलेलेंच आहे असें समजावें. नळीचें तोंड जें नष्ट करावयाचें नाहीं त्याकडे कधींहि वळवूं नये. नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावें. आणि निशाणाच्या पलीकडे काय आहे तें आधीं पाहावें. चाप ओढूनहि बार उडाला नाहीं तर नळी निशाणाकडेच रोखून अर्धा मिनिट थांबावें. कांहीं काडतुसें उशिरां पेटतात.

परंतु खरी परीक्षा मैदानावर नसून घरांत आहे. पिस्तूल रिकामें करण्याचा क्रम ध्यानांत धरावा: आधीं मॅगझिन काढावें, मग स्लाइड मागें ओढावी, आणि काडतुसाचें घर डोळ्यांनीं पाहून बोटानें चांचपावें. क्रम उलटला तर नळींतलें काडतूस बाहेर पडतें खरें, पण स्लाइड परततांना मॅगझिनमधलें दुसरें आंत नेऊन बसविते, आणि हातांत 'रिकामें' म्हणून भरलेलें शस्त्र राहतें. पिस्तूल एका कुलपांत, काडतुसें दुसऱ्या. किल्ली कपाटावर ठेवणें म्हणजे न ठेवण्यासारखेंच. लाडवांचा डबा कितीहि उंच फळीवर ठेवला तरी नातवंडांस त्याचा पत्ता लागतोच. चाप कठीण आहे, तो मुलास ओढवणार नाहीं, या समजुतीवरहि विसंबूं नये. घोडा चढलेला असला कीं तोच चाप हलका होतो, आणि मूल एका बोटाऐवजीं दोन आंगठे लावतें.

मुलांइतकाच विचार मोठ्यांचाहि करावा. अमेरिकेंत बंदूक-पिस्तुलानें होणाऱ्या मृत्यूंपैकीं निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरांत कोणी मनानें खचलेला असेल, तर त्या काळापुरतें शस्त्र घराबाहेर, कायद्यास मान्य अशा ठिकाणीं ठेवावें. यांत अविश्वास नाहीं. तापकऱ्याच्या उशाशीं आपण जड जेवण ठेवीत नाहीं, तसेंच हें आहे. काकूंनीं पुतण्यास रागें भरण्यापेक्षां तीनच प्रश्न विचारावे: कुलपें किती आहेत, किल्ली कोणाजवळ असते, आणि सुनेस तें रिकामें करतां येतें काय? तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक येईपर्यंत पिस्तूल घरांत नसलेलें बरें.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या रूपानें येतो. येथें १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस दोनच शस्त्रें बाळगण्याची मर्यादा घातली आहे, आणि वडिलोपार्जित शस्त्रेंहि तींत धरलीं जातात. आजोबांच्या पेटींत जुनें शस्त्र निघालें आणि परवाना कोणाच्याच नांवें नसला, तर तें आठवण म्हणून कपाटांत ठेवूं नये व मुलांपुढें उघडूंहि नये. जवळच्या पोलीस ठाण्यास कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणें तें तेथें किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावें, आणि पोंच मागून घेऊन ती घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावी.