काटकसर नव्हे, उधारी

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत मासिक वर्गणीची वाढ फेटाळली गेली की सभासदांना पैसे वाचल्याचे समाधान लाभते. वस्तुतः ठरावाने इमारतीची झीज थांबत नाही. आज टाळलेला खर्च ही उद्याच्या रहिवाशाच्या नावे मांडलेली उधारीच होय.

ही उधारी किती महाग पडू शकते, हे अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात सर्फसाइड येथे दिसले. १९८१ साली बांधलेल्या तेथील १३६ सदनिकांच्या इमारतीत काँक्रीटची गंभीर हानी झाल्याचे अभियंत्याने २०१८ मध्ये कळविले. खर्चाच्या वादात २०१९ मध्ये संचालक मंडळातील बहुसंख्यांनी राजीनामे दिले. पुढे सुमारे दीड कोटी डॉलरची वर्गणी ठरली; पण मुख्य दुरुस्तीपूर्वीच, २४ जून २०२१ रोजी इमारत कोसळून ९८ माणसे दगावली. बांधकामाचे दोष मूळचे असतील. वादात गेलेला काळ मात्र रहिवाशांचाच होता. २०२२ मध्ये फ्लॉरिडाने कायदा बदलून तीन किंवा अधिक मजल्यांच्या अशा इमारतींना राखीव निधी सक्तीचा केला.

महाराष्ट्रातील आदर्श उपविधींत सिंकिंग फंडासाठी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रकमेची तरतूद आहे. या किमान दरालाच कमाल मानण्याची प्रवृत्ती घातक आहे. समितीने निविदा आणि हिशेब सभेपुढे उघडे ठेवावेत. सभासदांनी प्रत्येक पैशाचा जाब अवश्य विचारावा. मात्र हिशेबावरील अविश्वासापोटी निधीच नाकारणे म्हणजे वैद्यावर रागावून औषध सोडणे होय.