घरकुलाचा हिशेब काळ्या जमिनीवर मांडा



जोते झाले, भिंती लिंटलपर्यंत आल्या आणि काम थांबले. छताच्या जागी ताडपत्री, आत सरपण आणि कडबा. अशी घरकुले आपल्या गावांत दिसतात. कागदावर त्यांचे नाव 'अपूर्ण'. मग घरमालकाला नोटीस निघते: काम पुरे करा, नाहीतर हप्ता परत करा. साहेब म्हणतात, याने पैसा दुसरीकडे खर्चला. एखाद्याने खर्चलाही असेल. पण जे घर दहा जणांचे एकाच टप्प्यावर अडते, तिथे खोट माणसात शोधू नये, हिशेबात शोधावी.

पहिला हिशेब पैशाचा. १९८५ ला सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये ठरले आणि घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे. भागाकार करा. चौरस फुटाला ४४५ रुपये पडतात. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे धरा. तरी एवढ्यात सिमेंट, सळई, रेती आणून स्लॅब टाकून देणारा गवंडी कुणाला भेटला असेल, तर त्याने मेळाव्यात उठून सांगावे. २०२४ मध्ये केंद्राने आणखी २ कोटी घरे मंजूर केली, दर मात्र २०१६ चाच ठेवला. २०२५ मध्ये राज्य शासनाने ५० हजारांची भर घातली. त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनलसाठी, बांधकामाला ३५ हजार. भर स्वागतार्ह आहे, पण तीही एकदाच ठरवलेली रक्कम. खर्च न मोजता ठरवलेला भाव काय करतो, हे कापूस पिकवणाऱ्याला वेगळे शिकवायला नको. उरलेली रक्कम सावकाराच्या वहीत चढते.

दुसरा हिशेब जमिनीचा. कपाशीला मानवणारी भारी काळी जमीन घराच्या पायाची वैरीण आहे. तिच्यातली चिकण माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. उथळ पाया तिच्याबरोबर हलतो आणि भिंतीला तिरपी भेग जाते. उपाय माहीत आहे: माती काढून पाया खोल न्यावा, मुरूम भरून ठोकावा, जोत्याला काँक्रीटचा पट्टा द्यावा. पण हे सगळे पैसे जमिनीखाली जातात. डोंगराळ आणि दुर्गम भागाला योजनेने १० हजार जास्त दिले, ते योग्यच आहे. काळ्या जमिनीला मात्र एक पैसाही जास्त नाही. मुरमाड माळावरचे घर आणि भारी जमिनीवरचे घर एकाच दराने कसे उभे राहणार?

तिसरा हिशेब वेळेचा. मृगात पेरणी, दिवाळीनंतर वेचणी. हप्ता मार्चअखेर पडला, तर भिंतीला पाणी मारायचे दिवस नेमके विहिरी आटण्याच्या दिवसांत येतात. पाणी न मिळालेले सिमेंट म्हणजे भुसभुशीत भिंत. कोरडवाहू गावात पहिला हप्ता दिवाळीच्या सुमारास हवा. पाया आणि भिंती विहिरीला पाणी आहे तोवर झाल्या पाहिजेत.

चौथा हिशेब वापराचा. आपले घर झोपण्यापुरते नसते. भाव येईपर्यंत कापूस घरात, ज्वारीची पोती घरात, बैलजोडी दाराशी, कडबा मागे. किल्लारीच्या भूकंपाने हे सगळ्यांना दाखवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे कोसळली आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवली. शेतजमिनीच्या प्रमाणात २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली. घरे पक्की होती, पण ओळीत मांडलेली. शेत लांब पडले, गुरांना आणि कडब्याला जागा अपुरी पडली.

त्याच पुनर्वसनाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. जिथे गाव हलवले नाही, तिथे घरमालकाने स्वतः दुरुस्ती आणि मजबुतीकरण केले. पैसा टप्प्याटप्प्याने मिळाला, अभियंत्याने तंत्र सांगितले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावातल्या बाया 'संवाद सहायक' झाल्या आणि घरोघर समजावत फिरल्या. आज हप्ता थेट खात्यात येतो, ही चांगली गोष्ट. पण त्याबरोबर समजावणारे माणूस येत नाही, येतो तो फोटो काढायला.

ग्रामपंचायत आणि पंचायत समितीलाच सारा दोष देऊन भागणार नाही. दर त्यांच्या हातात नाही, गावठाणात जागा नाही, आणि एका अभियंत्याकडे कितीतरी गावे. पण जे त्यांच्या हातात आहे ते त्यांनी करावे. मंजूर घरांची सळई आणि सिमेंट बचत गटामार्फत एकत्र घेता येते. गावातल्या गवंड्यांना काळ्या जमिनीतल्या पायाचे शिक्षण देता येते. नकाशा मंजूर करताना घरातल्या बाईला विचारता येते, त्याला तर काहीच खर्च नाही.

तेव्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने दोन कागद आणावे. एकावर अडलेल्या घरकुलांची यादी: कोणत्या टप्प्यावर अडले, जमीन कोणती, हप्ता कोणत्या महिन्यात मिळाला. दुसऱ्यावर ग्रामसभेचा ठराव: दर दरवर्षी साहित्याच्या भावाशी जोडावा, भारी जमिनीला पायाचा वेगळा खर्च द्यावा, पहिला हप्ता दिवाळीला द्यावा. आणि ज्या घराची खोट हिशेबात आहे, त्या घराच्या मालकाकडून वसुली होता कामा नये. घर मागणे ही भीक नाही. अर्धे घर देऊन पुरे मोजणे, हे मात्र आपण चालू देणार नाही.